बाळंतखोली: घोड्यांच्या घरातल्या प्रकल्प नोंदी (नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५)

१८ नोव्हेंबर २०२४

आजपासून लिहायला सुरुवात. नाना (माझे सासरे) सगळं डोक्यात ठेवतात, भाऊजी मोबाईलमध्ये फोटो ठेवतात आणि हे कुठेच काही ठेवत नाहीत, त्यामुळे कोणती घोडी कधी भरवली यावर दरवर्षी जेवताना भांडण ठरलेलं. यंदा वही माझ्याकडे, आणि एक्सेल पण.

कामं तीन. मागची कडब्याची खोली रिकामी करून घोडीला व्यायला १४ बाय १६ फुटाची खोली करायची. तिथं कॅमेरा लावायचा. आणि बिजली, जी गेल्या सीझनला रिकामी राहिली, तिला लाइट लावून लवकर माजावर आणायचं.

आमचं घर शहादा तालुक्यात, तापी इथून जवळच. शेतात केळी, ऊस, थोडी दादर (ज्वारी), आणि दारात मारवाडी घोड्या पाच नि एक नर. लोकांना वाटतं घोडेवाले म्हणजे मोठा पैसा. एक घोडी सगळं नीट झालं तर वर्षाला एक शिंगरू देते, नाही झालं तर वर्षभर नुसती खाते. हिशोब इथंच संपतो.

मोरनी गाभण आहे, २५ मार्च २०२४ ला भरवलेली. घोडीचे दिवस साधारण ३४० धरतात म्हणजे २८ फेब्रुवारी, पण दहा-पंधरा दिवस इकडे तिकडे होतंच. खोली जानेवारीअखेर तयार पाहिजे.

१ डिसेंबर

बिजलीच्या ठाणात लाइट सुरू. डॉक्टरांनी समजावलं त्याप्रमाणे घोडी दिवस मोठा व्हायला लागला की माजावर येते, हिवाळ्यात तिचं सगळं बंदच असतं, म्हणून आपण तिला खोटा उन्हाळा दाखवायचा. उजेड एकूण १६ तास हवा. सध्या सातला पाच कमी असताना उजाडतं, म्हणून बल्ब संध्याकाळी अंधार पडायच्या आत लावायचा आणि रात्री अकराला बंद करायचा. पहाटे लावण्यापेक्षा संध्याकाळी वाढवलेला उजेड कामाला येतो म्हणे. किती उजेड, तर ठाणाच्या कुठल्याही कोपऱ्यात पेपर वाचता आला पाहिजे. नानांनी हे शब्दशः घेतलं, चष्मा लावून चारही कोपऱ्यात उभं राहून पेपर वाचला, बाजारभाव सुद्धा मोठ्यांदा वाचून दाखवले आणि मग पास केलं.

लाइट जाते त्याचं काय हा प्रश्न होताच. इन्व्हर्टरवर टाकलाय. घरातला फॅन त्यावरून काढला तर आई (सासूबाई) म्हणे थंडीत कशाला फॅन. बरोबर आहे.

१६ डिसेंबर

यात्रा चालू. दत्तजयंती परवा १४ ला झाली, एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि तेव्हापासून आमचं अर्धं घर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातच आहे. दीड वर्षाचा कुमैत (तांबूस रंगाचा) बछेरा नेलाय. जाण्याआधी रक्ताचं सँपल देऊन ग्लँडर्सचा रिपोर्ट आणि आरोग्य दाखला काढून ठेवलेला, त्याशिवाय जनावर हलवायचंच नाही असं आमच्या घरात ठरलंय. या रोगावर लस नाही, माणसालाही होतो, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर जनावर मारावं लागतं. इतकं असूनही रिपोर्टचं नाव काढलं की हसणारे लोक बाजारात भेटतातच.

गिऱ्हाईक काय विचारतं ते मी बाजूला बसून लिहून घेतलं. पहिलं उंची, इंचात. दुसरं अंगावरच्या केसांचे भोवरे, गळ्याखाली देवमण (शुभ मानलेला भोवरा) आहे का. तिसरं रेवाल (न उसळणारी) चाल. मग रंग, नुकरा (पांढरा) असेल तर गर्दी, पंचकल्याण (चार पाय नि तोंड पांढरं) असेल तर फोटो. आईचं वय काय, तिनं आतापर्यंत किती शिंगरं दिली, शिंगराला पहिला चीक किती वाजता मिळाला, हे एकानेही विचारलं नाही. खरं तर जनावराची तब्येत तिथंच ठरलेली असते. एक पंजाबचे सरदारजी मात्र ओळखीची मायक्रोचिप आणि आईबापाचे कागद मागत होते, त्यांच्याशी बोलायला बरं वाटलं.

कुमैत विकला. भाव लिहीत नाही, भाऊबंद वाचतील.

११ जानेवारी २०२५

खोलीचं काम निम्मं. जमीन मुरूम टाकून धुम्मस केली, फरशी नको म्हणून मी अडून बसले कारण शिंगरू पहिल्यांदा उभं राहतं तेव्हा घसरलं तर पायाला लागतं. भिंतीचे खिळे, जुनी कडी, पाण्याची टोकदार टाकी सगळं काढलं. दाराची फळी खालपर्यंत घेतली, नाहीतर शिंगराचा पाय फटीत जातो.

नालबंद येऊन गेला, सगळ्यांचे खूर केले. मोरनीचे पुढचे नाल काढून टाकले, आता व्याल्यावरच बघू.

थंडी बेक्कार.

३० जानेवारी

मोरनीला धनुर्वाताचं बूस्टर दिलं. व्यायच्या महिनाभर आधी द्यायचं म्हणजे आईच्या चिकातून शिंगराला संरक्षण जातं. घोडीच्या वारेतून हे पोटातल्या शिंगराला जात नाही, माणसात जातं तसं, त्यामुळे शिंगरू कोरं जन्माला येतं आणि जे मिळायचं ते चिकातूनच.

त्याच दिवशी तिला खोलीत आणली. जिथं व्यायची तिथल्या जंतूंची तिला महिनाभर आधी सवय झाली की त्याविरुद्धचं औषध तिच्या रक्तात तयार होऊन चिकात उतरतं. नाना म्हणाले आम्ही पण आधीपासून एकाच जागी बांधायचो, का ते माहीत नव्हतं.

कॅमेरा बसला. वायफाय तिथपर्यंत पोचेना म्हणून भाऊजींनी गोठ्याच्या पत्र्याखालून वायर ओढली.

२० फेब्रुवारी

बिजली माजावर. लाइट लावून अकरा आठवडे झाले, सांगितलेलंच तेवढं. सोनोग्राफीत बीज मोठं दिसलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून १७ आणि १९ ला भरवली, आज परत बघितलं तर फुटलेलं. पंधराव्या दिवशी तपासणी, म्हणजे ७ मार्च.

बाकीच्या तिघींचा अजून पत्ता नाही, त्यांना लाइट नव्हता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण ह्यांनी पुढच्या वर्षी सगळ्यांना बल्ब लावायचं जाहीर करून टाकलंय. बिल कोण भरणार ते जाहीर केलं नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मोरनीची कास भरायला लागली. उपासाचं करता करता हेच लिहायला वेळ मिळाला.

२ मार्च

रविवार. आज एक पूर्ण दिवस लिहून ठेवते, कारण माहेरचे नेहमी विचारतात तुम्ही दिवसभर करता काय.

पावणेपाचला नाना उठतात, त्यांच्या खोकल्याने बाकीचे उठतात. पहिलं काम चहा नाही, पहिलं काम सगळ्यांच्या ठाणात एक चक्कर. रात्रीचं खाल्लं का, पाणी किती कमी झालं, लीद किती नि कशी पडली. घोड्याच्या पोटात दुखायला लागलं तर ते उलटी करू शकत नाही, तिथंच जातं, म्हणून लीद मोजणं हे आमच्याकडे देवपूजेच्या आधी. पाच ते सहा चंदी. रात्री भिजवलेला हरभरा, जव, गव्हाचा कोंडा, मीठ. प्रत्येकीचा पत्र्याचा डबा वेगळा आणि माप वेगळं, मोरनीचं सगळ्यात जास्त, दोन वेळेऐवजी तीन वेळा थोडं थोडं. गुरांची पेंड इकडे आणायची नाही हा नियम माझा आहे. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाला चालत नाही, थोडं गेलं तरी जनावर जातं. दुकानदार म्हणतो काही होत नाही ताई. होऊ दे त्याच्या घोड्याला.

सातला दादा येतो. तो वर सातपुड्यातला, पावरा आदिवासी, आमच्याकडे बरीच वर्षं आहे आणि घोडी त्याच्या हाताखाली जितकी शांत उभी राहते तितकी घरातल्या कुणाच्या हाताखाली नाही. तो आणि भाऊजी लीद काढतात, खरारा करतात, नर फिरवून आणतात. नराला रोज तासभर चालवलं नाही तर तो दार फोडतो. मी तोपर्यंत मुलीचं आवरते, आज रविवार म्हणून ती पण खरारा घेऊन बिजलीच्या फक्त डाव्या बाजूला काम करते, उजवीकडे जायची परवानगी आजीने दिलेली नाही.

नऊला ज्वारीचा कडबा कुट्टी करून आणि लसूण घास. घास कोवळा नि ओला एकदम टाकत नाही, कापून सुकवून. दहा नंतर ऊन चढलं की सगळ्या लिंबाच्या सावलीत. आत्ताच अंगाला चटका बसतोय, मे महिन्यात काय होणार ते दिसतंच आहे. दुपारी हे केळीच्या गाडीवर जातात, आई आणि मी जेवून पडतो, म्हणजे आई पडते नि मी एक्सेल भरते. चारला परत पाणी, चंदी. पाचला कोणीतरी पाहुणा घोडे बघायला येतोच. आज दोघे आले, रील काढून गेले, चहा पिऊन गेले.

सहाला मोरनीची तपासणी. ही माझी ड्युटी. सडातून दोन थेंब काढायचे आणि पीएचच्या कागदावर सोडायचे. हा कागद धुळ्याहून मागवला, भरपूर पट्ट्या येतात नि महाग पण नाही. दूध सातच्या वर दाखवत असेल तर बहुतेक वेळा त्या रात्री घोडी व्यात नाही. ६.५ च्या आसपास उतरलं की अंथरूण बाहेर काढायचं. २८ ला ७.६ होतं, आज ७.४. नाना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला बोट दाबून बघतात, मांस ढिलं पडलं की वेळ आली. आज त्यांचं मत, "अजून दोन-तीन दिस." कागदाचं मत पण तेच.

रात्री आठला शेवटचा चारा, साडेनऊला घरातले दिवे बंद. दहानंतर कॅमेरा माझ्या उशाशी. दोन वाजता जाग येते, मोबाईल बघायचा, उभी आहे, झोपायचं.

एक अडचण. भोंगऱ्या सात तारखेपासून, दादाला घरी जायचंय, आणि जायलाच पाहिजे. होळीच्या आधीचा आठवडा त्यांच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा. ह्यांनी थांब म्हणायचा प्रयत्न केला, आईने मध्येच तोडलं, "तुझ्या दिवाळीला तू थांबतोस का कुणाकडे?" विषय संपला.

४ मार्च

पीएच ७.२. सडाच्या टोकाला मेणाचे बारीक मणी आलेत. काड बदललं, लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाका-तोंडाला चिकटतो, गव्हाचं काड जाड पसरलं. टोपलीत: टॉवेल, दोरी, टॉर्च, हातमोजे, नाळेला लावायचं क्लोरहेक्सिडीन, स्वच्छ कात्री, एनिमा, वजनकाटा, घड्याळ.

शेजारच्या काकांकडून उसाच्या रसातली साखर मोजायचं ब्रिक्समीटर मागून आणलं. ते म्हणाले घोडीला ऊस पाजणार का? चिकात औषधी भाग किती आहे ते याच मीटरवर कळतं, २० च्या वर आकडा आला तर चांगला. कारखान्याच्या पट्ट्यात राहण्याचा फायदा, हे यंत्र दर तिसऱ्या घरात आहे.

५ मार्च, आणि ६ ची पहाट

संध्याकाळी सहाला ६.४. नानांना सांगितलं, ते तोपर्यंत शेपूट बघून आलेलेच होते, काही बोलले नाहीत, नुसते जाऊन सदरा बदलून आले.

घोडी बघणारं माणूस असलं की थांबून धरते, म्हणून सगळे घरात, अंधार, मोबाईलच्या स्क्रीनवर चार डोकी. साडेअकरापासून फेऱ्या, मागे वळून पोटाकडे बघणं, पुढच्या पायानं काड ओढणं. मानेवर घाम. १२.१० ला पाणी फुटलं आणि आडवी झाली. इथून घड्याळ. अर्ध्या तासात शिंगरू बाहेर पाहिजे, गाईसारखं दोन-तीन तास चालत नाही.

मी आणि नाना आत गेलो. पहिलं बघायचं ते रंग. पांढरट निळसर पिशवी दिसली तर ठीक. लाल मखमली दिसली तर वार आधीच सुटलीय, शिंगराचा प्राणवायू बंद, तिथल्या तिथं कात्रीनं फाडून ओढायचं, डॉक्टरची वाट बघायची नाही. कात्री माझ्या हातात होती. पांढरी दिसली. एक खूर, थोडा मागे दुसरा, तळवे खाली, मग गुडघ्यांवर टेकलेलं नाक. अगदी पुस्तकात दाखवतात तसं. नानांनी हात लावला नाही, फक्त नाकावरची पिशवी फाडली. १२.३१ ला मागचे पाय सोडून बाहेर.

नाळ तोडायची नाही. ती आडवी असेपर्यंत तशीच राहू द्यायची, घोडी उठली की आपोआप तुटते. पंधरा मिनिटं ती पडून राहिली, शिंगराचे मागचे पाय अजून तिच्यातच. त्याचे खूर टॉर्चमध्ये बघितले, टोकाला मऊ पांढरी बोटं असतात, रबराच्या झालरीसारखी, आईच्या पोटाला आतून खुराची धार लागू नये म्हणून. काडावर चार पावलं टाकली की झडून जातात, सकाळी कुणाला दाखवू म्हटलं तर दिसत नाहीत. मुलीला म्हणूनच उठवलं. तिने एकदा बोट लावलं आणि हात फ्रॉकला पुसला.

बछेरी आहे.

१.२० ला उभी राहिली, त्याआधी भिंतीवर, माझ्यावर नि स्वतःवर पडून झालं. नाळेला औषध. तिने प्यायच्या आधी चिकाचे दोन थेंब ब्रिक्समीटरवर, २४. काकांना सकाळी पेढा नेऊन द्यायला हवा. २.०५ ला सड तोंडात गेलं, तोपर्यंत ती आईच्या गुडघ्याला, नानांच्या धोतराला, भिंतीच्या कोपऱ्याला सगळीकडे चोखून आली. पहिल्या काही तासांतच आतडं चीक नीट ओढून घेतं, पुढे दार मिटत जातं, म्हणून हे सगळे आकडे.

आता वार. तीन तासांच्या आत पडली पाहिजे. तीन वाजून गेले तरी लोंबत होती तेव्हा ह्यांनी डॉक्टरांना फोन लावून ठेवला. बाजूच्या वस्तीवरचा एक जण उठून आलेला, तो म्हणे सकाळपर्यंत पडेल, माझी म्हैस दुपारी टाकते. म्हशीचं चालतं. घोडीत अडकली तर ताप, आणि ताप खुरात उतरतो, मग घोडी उभी राहायची बंद. त्याला नानांनी चहा देऊन घरी पाठवलं. ३.१५ ला पडली. गोणपाटावर पसरून वारेची दोन्ही टोकं (त्यांना शिंगं म्हणतात) शेवटपर्यंत शाबूत आहेत का बघितलं, तुकडा आत राहिला तर तोही तेवढाच वाईट. शाबूत. ४.४ किलो.

नानांनी पाच वाजता टॉर्च घेऊन भोवरे बघितले. मी म्हटलं रंग कुठला लिहू, तर ते म्हणे रंगाचं आत्ता लिहू नको, शिंगराचा रंग पहिली लव झडल्यावर कळतो, भोवरा मात्र जन्माचा तोच मरणाचा. चिपच्या कागदावर सुद्धा भोवऱ्याच्या जागा काढून द्याव्या लागतात, ओळख पटायला. देवमण आहे. आईने लगेच हळदकुंकू आणलं.

७ मार्च

डॉक्टर आले, दोन्ही कामं एकदम. बछेरीचं रक्त तपासायला घेतलं, पहिली काळी लीद पडली, ताप नाही, झोपते नि पिते.

बिजली: सोनोग्राफीत एक काळा गोल. ह्यांनी टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाले थांबा, आणि दुसरा दाखवला. जुळी. गाईला जुळी झाली तर पेढे वाटतात लोक, घोडीला जुळी म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही जातात, सातव्या-आठव्या महिन्यात, कधी घोडी पण अडचणीत. पंधराव्या दिवशी बघायचं ते याचसाठी. या वयात दोन्ही गोल हलत असतात, म्हणून एकाला बाजूला सरकवून दाबून फोडता येतो, पुढे चिकटले की अवघड. त्यांनी तेच केलं, दोन मिनिटांत. आई बाहेर गेली होती, तिला ऐकायला पण नको होतं. मी बघितलं. घरात दुपारी कोणी फारसं बोललं नाही, आणि मला वाटतं तसं असणं बरोबरच आहे.

दादा दुपारी गेला, बछेरीच्या कपाळाला हात लावून.

१४ मार्च

धुळवड. रंग आवारात आणायला बंदी, मुलांना रस्त्यावर पाठवलं. मोरनी आठव्या दिवसापासून माजावर आहे. घोडी व्याल्यावर लगेच असा माज येतो, भरवायचा मोह होतो कारण अकरा महिने पोटात नि बारा महिन्यांचं वर्ष, महिना वाया गेला की पुढच्या वर्षीची तारीख पुढे सरकते. ह्यांचं म्हणणं भरवा. डॉक्टर म्हणाले गर्भाशयात अजून पाणी दिसतंय, हा माज सोडा, इंजेक्शन देऊन पुढचा लवकर आणू. मत घेतलं गेलं, म्हणजे नाना बोलले. सोडला.

बछेरीच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला. ती आता दुपारी लिंबाखाली चार पाय वर करून लोळते आणि कोंबड्यांच्या मागे लागते. कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलंय, आईची तक्रार नोंदवून घेतली.

२१ मार्च

बिजलीची दुसरी सोनोग्राफी. एकच आहे, ठोका दिसला. २० फेब्रुवारीपासून ३४० दिवस म्हणजे २६ जानेवारी २०२६, मुलीने नाव आत्ताच ठरवलंय, तिरंगा, नर होवो की मादी. धनुर्वाताचं डिसेंबरमध्ये. खोलीत डिसेंबरअखेर हलवायची, म्हणजे यात्रेच्या गडबडीनंतर लगेच.

खोलीचा खर्च एक्सेलमध्ये टाकला. ठरवलं त्यापेक्षा जास्त झाला, दाराच्या फळीनं नि वायरीनं खाल्ला. दादा परत आलाय. मोरनीला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत बघायचं, ब्रिक्समीटर काकांना द्यायचं राहिलंय, त्यांचा कालच फोन आला, त्यांच्या गाईने कालवड दिली आणि त्यांना पण चीक मोजायचाय.